तळ्याची बखर

दक्षिण इक्वेडोरच्या अँडीज पर्वतांत पाल्काकोचा नांवाचें तळें आहे. त्याच्या गाळांतील फिकट थर म्हणजे एल निनोच्या अतिवृष्टीनें डोंगरांवरून वाहून आलेली माती, असें मानून रॉडबेल प्रभृतींनीं १९९९ सालीं सुमारें १५,००० वर्षांचा इतिहास मांडला. कल्पना मनोहर खरी. पण तळें पाऊस नोंदीत नाहीं, आलेली माती नोंदतें, आणि माती दरडी कोसळूनहि सुटते. या गाळांत एल निनोची निर्णायक खूण मिळत नाहीं, असें २०१८ सालीं श्नाइडर प्रभृतींनीं प्रतिपादिलें. एल निनो आपल्याहि मोसमी पावसास बहुधा मारक ठरतो. म्हणून हा वाद आपणांस परका नाहीं. बखर इतर साधनांशीं ताडून पाहिल्याशिवाय इतिहास ठरत नाहीं. गाळासहि तोच न्याय लावावा, असें आम्हांस वाटतें.