औचित्य आणि अनादर : यवतमाळच्या उद्घाटनाची दोन भाषणे

साहित्य संमेलनातील भाषणाकडे मराठी समीक्षेने स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून क्वचितच पाहिले आहे. अध्यक्षीय भाषणातील साहित्यविषयक विधाने उद्धृत केली जातात. धर्म, राजकारण आणि संस्कृती यांविषयी वक्त्याने मांडलेली व्यक्तिगत, अनादराची मते मात्र ‘वाद’ या सदरात टाकली जातात. ‘वाद’ हा बातमीचा शब्द आहे. तो वापरला की संहिता वाचण्याची जबाबदारी टळते. यवतमाळ येथे ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या बाबतीत नेमके हेच घडले. एकाच उद्घाटनाच्या निमित्ताने तेथे दोन संहिता निर्माण झाल्या. नयनतारा सहगल यांचे भाषण व्यासपीठावर झालेच नाही. वैशाली येडे यांचे झाले. अनादर म्हणजे नेमके काय, हे या दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचल्याखेरीज उमगत नाही.

सहगल यांना दिलेले निमंत्रण संमेलनाच्या तोंडावर मागे घेण्यात आले. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेने मराठी संमेलनाचे उद्घाटन का करावे, हा आक्षेप त्यापूर्वी घेतला गेला होता. निमंत्रण रद्द झाल्यावर महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी आपल्या भाषणात या कृतीचा निषेध नोंदविला. या साऱ्या प्रकरणात वारंवार पुढे केला गेलेला निकष औचित्याचा होता.

औचित्य ही संज्ञा आपल्या काव्यशास्त्रात क्षेमेंद्राने प्रतिष्ठित केली. देश, काल, स्वभाव, विचार अशा अनेक स्थानी उक्तीची अनुरूपता तपासणे, हा ‘औचित्यविचारचर्चे’चा गाभा. परंतु हाच क्षेमेंद्र कायस्थ, कुट्टनी, ढोंगी गुरू आणि लाचखाऊ अधिकारी यांची रेवडी उडविणारा अकराव्या शतकातील काश्मीरचा जहाल उपहासकार होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. त्याच्या लेखी औचित्य आणि अनादर परस्परविरोधी नाहीत; ढोंगाच्या प्रसंगी उपहास हीच उचित उक्ती ठरते. संस्थात्मक व्यवहारात मात्र औचित्याचा अर्थ बदलतो. उक्ती प्रसंगाला अनुरूप आहे का, हा प्रश्न मागे पडून वक्ता यजमानांना गैरसोयीचा आहे का, हा प्रश्न पुढे येतो. १९७५ साली कराडच्या संमेलनात, स्वागताध्यक्षपदी यशवंतराव चव्हाण असताना, दुर्गा भागवत यांनी आणीबाणीच्या काळातच लेखनस्वातंत्र्याचा पक्ष मांडला आणि जयप्रकाश नारायण यांच्या स्वास्थ्यासाठी प्रार्थना केली. काव्यशास्त्रीय अर्थाने ते परम औचित्य होते. संस्थात्मक अर्थाने अनौचित्य.

सहगल यांच्या भाषणाचा मराठी अनुवाद संमेलनापूर्वीच वृत्तपत्रांतून वाचकांपर्यंत पोहोचला. त्याची रचना पाहता वक्तीचा अनादर वारशाच्या आधाराने उभा राहतो. वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी घराण्यातले. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतर करणारे संस्कृतज्ञ. स्वातंत्र्यलढा, तुरुंगवास, नंतर आणीबाणीला स्वतः केलेला विरोध या क्रमाने भाषण विवेकवाद्यांच्या हत्या आणि झुंडबळी यांपर्यंत येते. धर्माविषयीची भूमिकाही श्रद्धेच्या आतून मांडलेली आहे : सनातन धर्म मानत असल्यामुळेच हिंदुत्व अमान्य, असा तिचा आशय. ही युक्तिवादाची पद्धत भारदस्त आहे आणि तिची मर्यादाही त्याच भारदस्तपणात आहे. सत्तेचा अनादर करण्याचा अधिकार येथे कुळ, त्याग आणि विद्वत्ता यांच्या दाखल्याने सिद्ध केला जातो. हे दाखले ज्याच्यापाशी नाहीत, त्याने कोणत्या आधारावर बोलावे, याचे उत्तर या संहितेत मिळत नाही.

ते उत्तर दुसऱ्या संहितेत आहे. वैशाली येडे या यवतमाळ जिल्ह्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील. श्याम पेठकर यांच्या ‘तेरवं’ या नाटकातून त्या रंगमंचावर आल्या होत्या. त्यामुळे त्यांचे बोलणे ‘उत्स्फूर्त’ ठरवून मोकळे होणे हा समीक्षेचा आळस होय. पुढचा जन्म धनवंताच्या घरी मिळेल या आशेने नवऱ्याने मरण जवळ केले. आपला मात्र पुनर्जन्मावर विश्वास नाही, याच जन्मात लढायचे आहे, असा त्यांच्या भाषणाचा मध्यवर्ती विचार. वैधव्य नशिबाने आले हे त्यांनी नाकारले आणि त्याचे दायित्व व्यवस्थेवर टाकले. कर्मविपाकाच्या सिद्धांताचे हे खंडन चार्वाकाच्या परंपरेशी नाते सांगते. फरक इतकाच की, येथे तर्काचा आरंभ कापसाच्या भावापासून आणि कर्जापासून होतो. तरीही या भाषणाची दखल बहुतांशी ‘वेदनेचा हुंकार’ म्हणून घेतली गेली. सहगल विचारवंत ठरल्या, येडे साक्षीदार. हा भेद संहितांनी केलेला नाही. वाचनाच्या सवयीने केला आहे.

मात्र याच भाषणातील एका उक्तीची चिकित्सा आवश्यक आहे. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा आशयाचे ते वाक्य. त्याचा एक रोख वाङ्मयीन प्रतिष्ठेच्या उतरंडीवर आहे आणि तो अचूक आहे. त्याचा दुसरा अर्थ मात्र निमंत्रण मागे घेणाऱ्यांना सोयीचा ठरतो. कारण न आलेली पाहुणी आणि तिला येऊ न देणारे यांतील अंतर त्यात पुसले जाते. अनादराची उक्ती कोणत्या व्यासपीठावरून उच्चारली जाते, यावर तिचा अर्थ असा पालटतो. येडे यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे यात कारण नाही; एका वक्तीच्या रिकाम्या जागी दुसरीला उभे करणाऱ्या रचनेचा तो परिणाम आहे. त्या रचनेत दोघी परस्परांच्या प्रतिस्पर्धी भासतात. प्रत्यक्षात एक राष्ट्रवादाच्या आणि दुसरी दैववादाच्या नावाने मागितली जाणारी मुकाट संमती नाकारते.

तेव्हा अनादर हा स्वराचा किंवा शैलीचा गुण मानून चालत नाही. संमतीचे कोणते रूप उक्तीने नाकारले आणि ते नाकारताना तिने कोणाचा आधार घेतला, या दोन प्रश्नांनीच त्याची परीक्षा होऊ शकते. या कसोटीला सहगल यांचे भाषण पहिल्या प्रश्नात उतरते, दुसऱ्यात अडखळते. येडे यांचे भाषण पुनर्जन्माच्या विचारात दोन्ही प्रश्नांना पुरून उरते. दिल्ली-गल्लीच्या वाक्यात मात्र यजमानांच्या आधाराला नकळत टेकते. संमेलनांच्या भाषणसंग्रहात या दोन्ही संहितांना शेजारी जागा मिळाली पाहिजे. म्हणजे पुढील अभ्यासकाला वादाची हकीगत न शोधता विचार वाचता येईल.