सूरतुल्-इख्लास : अर्थविचार आणि खानदेशांतील एक शिलालेख

खानदेशांत जुने कागद जमवीत हिंडणारास अरबी अक्षरांचीं पानें नवीन नाहींत. नंदुरबार, शहादें, तळोदें या बाजूच्या दप्तरांत मोडी कागदांच्या जोडीस फारसी सनदा निघतात, आणि त्यांच्याच खालीं एखादें सुटें अरबी पान, एखादा ताईत, किंवा कबरीवरील दगडाचा ठसा निघतो. फारसी कागद संग्राहक जाणत्याकडे घेऊन जातो. कारण त्यांत इनाम, वतन, सन, मोहर यांचा पत्ता लागण्याची आशा असते. अरबी पानावर मात्र ‘कुराणांतील कांहीं मजकूर’ असा शेरा मारून तें पुनः रुमालांत बांधलें जातें. शेरा खोटा नाहीं. पण एखाद्या ताम्रपटावर ‘संस्कृतांतील कांहीं मजकूर’ असा शेरा कोणी मारला, तर त्यास आपण संशोधक म्हणूं काय ?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून निराळा झाला. परंतु दप्तरांच्या व दगडांच्या दृष्टीनें तो अद्यापि पश्चिम खानदेशच होय, आणि त्याच्याहि मागें जावयाचें तर सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरील एक मोठा मुक्काम होय. १६१० सालीं या वाटेनें गेलेल्या विल्यम फिंच नामक इंग्रज व्यापाऱ्यानें नंदुरबारानजीकच्या पुष्कळ कबरी, तेथील किल्ला व तलाव यांची नोंद केली आहे. त्यापूर्वीं सुलतानपूर-नंदुरबार या परगण्यांसाठीं गुजरातचे सुलतान व खानदेशचे फारुकी यांचा तंटा पिढ्यान् पिढ्या चालला होता. अशा मुलखांत कबरींवर, मशिदींवर व ताइतांवर कुराणवचनें यावयाचींच. त्यांपैकीं जी सूरा सर्वांत लहान सूरांत मोडते आणि तरीहि जिचा अर्थ मराठींत सर्वांत ढिलाईनें सांगितला जातो, तिचा विचार येथें करावयाचा आहे. ती म्हणजे सूरतुल्-इख्लास.

कुराणांतील ही ११२ वी सूरा. आयती चार, शब्द अवघे पंधरा. ओळख पटविणें सोपें आहे. आरंभीं ‘कुल’ म्हणजे ‘सांग’ असा आज्ञार्थी शब्द येतो. पण तेवढ्यावर विसंबूं नये, कारण १०९, ११३ व ११४ या सूरांचा आरंभहि त्याच शब्दानें होतो, आणि या चौघी मिळून ‘चार कुल’ म्हणून ताइतांत एकत्र लिहिण्याचा प्रघात आहे. खरी खूण अशी कीं, इख्लासच्या चारही आयती ‘दाल’ अक्षरानें संपतात, आणि पहिल्या आयतीच्या शेवटीं येणारा ‘अहद’ हा शब्द चवथीच्या शेवटीं पुनः येतो. ‘इख्लास’ हा शब्द मात्र सूरेच्या मजकुरांत कोठेंच नाहीं. मजकुरांत तो शोधूं जाणारास तो मिळणार नाहीं, हें ध्यानांत असावें.

आतां अर्थ. मुसलमानी परंपरा असें सांगते कीं, मक्केच्या लोकांनीं पैगंबरांस ‘तुमच्या देवाचें कूळ सांगा’ असें म्हटलें, तेव्हां ही सूरा उतरली. ती मक्केची कीं मदिनेची याविषयीं भाष्यकारांत मतभेद आहे, व कांहींजण प्रश्न विचारणारे निराळे सांगतात. तथापि प्रश्नाचें स्वरूप वंशाविषयींच राहतें. आमच्या वाचकांस ही गोष्ट इतरांपेक्षां अधिक लवकर उमजावी. ज्या समाजांत माणसाची पत त्याच्या वंशावळीवरून ठरते, तेथें देवाचीहि वंशावळ मागितली गेली. आणि उत्तर आलें तें वंशावळींतील एकेक रकाना खोडीत आलें. पहिली आयत त्याचें एकत्व सांगते. तिसरी म्हणते कीं, त्यापासून कोणी जन्मला नाहीं, व तो कोणापासून जन्मला नाहीं. म्हणजे वरची व खालची अशा दोन्ही पिढ्या गेल्या. चवथी म्हणते कीं, त्यास तोडीचा कोणी नाहीं. येथील मूळ शब्द ‘कुफुव’. मुसलमानी विवाहशास्त्रांत वधूवरांच्या घराण्यांची बरोबरी पाहतात, तिला ‘कुफू’ पाहणें म्हणतात, तोच हा शब्द. मुजाहिद या प्राचीन भाष्यकारानें येथें ‘सहचरी’ असाच अर्थ घेतला आहे. तो सर्वमान्य नाहीं. पण शब्दाचा रोख सोयरिकीकडे आहे हें त्यावरून उघड होतें. बाप नाहीं, मूल नाहीं, सोयरा नाहीं. ‘ईश्वर अतुलनीय आहे’ असें मोघम भाषांतर केलें कीं हा सारा रोख हरवतो.

राहिली दुसरी आयत. तींत देवनामाखेरीज एकच शब्द आहे, ‘समद’. आणि हा शब्द सबंध कुराणांत या एका ठिकाणींच आला आहे. मराठी कानास तो ‘अब्दुल समद’ या व्यक्तिनामांतून परिचित आहे, परंतु त्याचा अर्थ विचारला असतां बहुतेक ठिकाणीं ‘ईश्वराचें एक नांव’ एवढेंच उत्तर मिळतें. तबरीनें (मृत्यु हिजरी ३१०, इ. स. ९२३) आपल्या भाष्यांत या शब्दाचीं पूर्वीचीं मतें एकत्र केलीं आहेत. कित्येक म्हणतात, समद म्हणजे ज्यास आंत पोकळी नाहीं तो. कित्येक म्हणतात, जो खात नाहीं व पीत नाहीं तो. कित्येकांच्या मतें पुढील आयत हीच या शब्दाची व्याख्या होय. आणि कित्येक म्हणतात, गरजेच्या वेळीं सर्व ज्याच्याकडे धांव घेतात असा धनी. तबरीचा स्वतःचा कल या शेवटच्या अर्थाकडे आहे, व धातूचा अर्थ ‘रोख धरून जाणें’ असा असल्यानें आम्हांसहि तोच मूळचा वाटतो. मराठींत ‘निरपेक्ष’ म्हटलें तर अर्धा अर्थ येतो, ‘आश्रय’ म्हटलें तर दुसरा अर्धा. सर्व ज्याच्या दारीं येतात व जो कोणाच्या दारीं जात नाहीं, असें लांबण लावूनच तो सांगावा लागतो. पोकळीच्या अर्थास मात्र आपल्याकडे ‘भरीव’ हा नेमका शब्द आहे. पण तो ओतीव मूर्तीचें वर्णन करण्यास आपण वापरतों, तेव्हां येथें तो योजण्याचें धाडस आम्ही कोणास सुचविणार नाहीं.

मराठी लेखकांची नेहमींची वाट याहून सोपी आहे. ते या सूरेचा सारांश ‘ईश्वर एक, निर्गुण, निराकार आहे’ असा देतात, व आपल्या वेदान्ताशीं तिचा मेळ तेथेंच लागला असें मानून पुढें जातात. हेतु चांगला असेल, पण अर्थ चुकतो. सूरेंत आकाराविषयीं एक शब्द नाहीं, गुणांविषयींहि नाहीं. जें नाकारलें आहे तें नातें. पैठणच्या एकनाथांनीं हिंदु-तुर्क संवाद रचला, त्यांतील तुर्क मूर्तींवर बोट ठेवतो तसेंच देवादिकांच्या कथांवरहि ठेवतो. सोळाव्या शतकांतील मराठी संतास दुसऱ्या आक्षेपाचें वेगळेपण जाणवलें होतें. आपणांस तें जाणवूं नये, हें विशेष आहे.

स्थळपरत्वें या पंधरा शब्दांचा रोख कसा वळतो, हेंहि पाहावें. जेरुसलेम येथील कुब्बतुस्सखरा या इमारतींत (हिजरी ७२, इ. स. ६९१-९२) ही सूरा लिहिलेली आहे, आणि हिजरी ७७ सालीं खलिफा अब्दुल् मलिक यानें नाण्यांवरील चित्रें काढून केवळ अक्षरांचे दिनार पाडले, तेव्हां त्यांच्या एका बाजूस याच सूरेचा मजकूर, आरंभींचे शब्द गाळून, घातला. पुढील दिर्हमांवर चवथी आयतहि आली. भोंवतालीं ख्रिस्ती प्रजा, पूर्वीच्या नाण्यांवर बादशहाची आकृति व क्रूस. अशा जागीं ‘जन्मला नाहीं’ हे शब्द कोणास उद्देशून होते, तें सांगावयास नको. मक्केंत ज्या शब्दांनीं कुळाचा अभिमान मोडला, त्यांनींच येथें शेजारधर्मास उत्तर दिलें.

खानदेशांत त्या शब्दांचा शेजार कोणता होता ? या प्रश्नास नंदुरबाराहून तापीच्या उगमाकडे गेल्यास एक उत्तर दगडावर मिळतें. फारुकींचें पहिलें ठाणें तापीकांठचें थाळनेर. तेथें त्यांच्या कबरी आहेत. पुढें राजधानी बऱ्हाणपुरास गेली. तेथील जामा मशिदींत आदिलशहा फारुकीच्या, म्हणजे राजा अली खानाच्या, वेळचा लेख अरबींत व त्याच्या जोडीस संस्कृतांत आहे. संस्कृत लेखाचा काळ संवत् १६४६, शके १५११, पौष मास, म्हणजे इ. स. १५९० चा आरंभ. तिथि, घटिका, नक्षत्र यांसह तो आपल्या पंचांगाच्या रीतीनें दिलेला आहे. मशिदीच्या भिंतीवर हें पाहून पुष्कळांस अचंबा वाटतो. आम्हांस त्याहून लेखाचा आरंभ महत्त्वाचा वाटतो.

आरंभीं नमन आहे तें गणेशास नव्हे, शिवास नव्हे, तर सृष्टिकर्त्यास. मग एका श्लोकांत ईश्वरास गुणातीत, नित्य इत्यादि विशेषणें लावून तो व्यक्तहि व अव्यक्तहि आहे असें म्हटलें आहे. त्यानंतर चंद्रसूर्य असेतों फारुकी वंश नांदो अशी प्रार्थना, आणि मग राजा मलिक याजपासून त्या वंशाची पिढीवार नामावळी. या लेखावर सूरतुल्-इख्लास कोरली आहे असें आमचें म्हणणें नाहीं. प्रश्न एवढाच कीं, इस्लामी ईश्वरकल्पना संस्कृतांत सांगण्याचें काम ज्या पंडितावर आलें, त्यानें काय घेतलें व काय सोडलें.

कोणी या श्लोकास इस्लामी मताचें भाषांतर मानील. तें बरोबर नाहीं. ‘व्यक्ताव्यक्त’ ही कल्पना सूरेंत नाहीं, आणि काटेकोर मौलवीस ती रुचणारहि नाहीं. उलट कोणी त्यास पंडितानें आपलाच वेदान्त राजाच्या गळीं उतरविला असें म्हणेल. तेंहि पुरतें खरें नाहीं. तसें असतें तर नेहमींचें श्रीगणेशाय नमः सोडण्याचें कारण नव्हतें. गणेश हा पार्वतीचा पुत्र, त्यास आई आहे, बाप आहे, बंधु आहे. ‘सृष्टिकर्ता’ हें नांव असें निवडलें आहे कीं त्यामागें कोणतीहि जन्मकथा लागत नाहीं. आमचें अनुमान असें कीं, तिसऱ्या आयतीचा अर्थ पंडितास नीट ठाऊक होता. तो त्यानें शब्दांनीं उच्चारला नाहीं, पण नमनाच्या निवडींत पाळला. ‘समद’चा अर्थ मात्र श्लोकांत उतरलेला दिसत नाहीं. सर्वांनीं ज्याच्याकडे धांव घ्यावी तो, ही कल्पना भक्तिमार्गांत हवी तितकी होती. पंडितानें ती न घेतां तत्त्वज्ञानाची भाषा घेतली, आणि आजचे आपले भाषांतरकार अजून त्याच पायवाटेनें चालले आहेत.

ज्यास वंश नाहीं त्यास नमन, आणि लगेच खालीं राजाची वंशावळ. फारुकी आपलें कूळ खलिफा उमर फारुक यांच्यापर्यंत नेत. संस्कृत लेखांत तीच मिरवणूक राजा मलिकापासून सुरू होते. यांत विसंगति आहे काय ? आमच्या मतें नाहीं. वंशाचा मान मनुष्यांपुरता ठेवून तो देवाच्या दारांत बाहेर उतरविणें, हाच सूरेचा आशय होय, आणि लेखाचा क्रम त्यास धरून आहे. मात्र चंद्रसूर्य असेतों टिकण्याची ती प्रार्थना फार वर्षें टिकली नाहीं. १६०१ सालीं अकबरानें असीरगड घेतला व फारुकी राज्य संपलें.

संग्राहकांस एक व्यवहाराची सूचना. झिजलेल्या अरबी अक्षरांसाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांतच अक्कलकुवा येथें १९७९ सालीं स्थापन झालेली जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था आहे. तेथें सबंध कुराण मुखोद्गत करणारे विद्यार्थी आहेत, आणि हाफिजास तुटक्या ओळींतील दोन शब्द वाचून दाखविले तरी उरलेली आयत तो तत्काळ म्हणून दाखवितो. कुराणवचनाचें वाचन अशा रीतीनें पक्कें झालें म्हणजे मग त्याच्या खालच्या ओळीकडे वळावें. कबरीच्या दगडाचा ठसा घेतांना पुष्कळदां वरची कुराणपट्टी तेवढी उमटविली जाते, व तळची बारीक ओळ मातींत राहते. ती ओळ उकरून घ्यावी. मयताचें नांव, बापाचें नांव व हिजरी सन बहुधा तेथेंच असतो.