वेदना : मूल्य आणि जखम

दलित साहित्याची चर्चा आपल्याकडे ‘वेदना, विद्रोह, नकार’ या त्रयीने सुरू होते. यांतील वेदना हा शब्द आम्हीही वर्षानुवर्षे वापरला, तो वाङ्मयीन मूल्य म्हणून. ती वेदना ज्याची, त्याला रात्री झोप लागते काय, हे समीक्षेने क्वचितच विचारले.

‘बलुतं’ (1978) घ्या. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, सांगणारा आणि ऐकणारा असे त्याचे दोन भाग झालेले. याला आपण निवेदनतंत्र म्हटले, आणि ते आहेच. परंतु ऐकून घेणारे दुसरे कोणी नसले म्हणजे माणूस स्वतःलाच श्रोता करतो, हेही तेथे दिसते. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (1981) संस्कृत शिकलेल्या दलित स्त्रीचे कुत्सित कौतुक होते. वळ न उठवणाऱ्या या माराची नोंद कोणत्या पंचनाम्यात व्हावी?

कायद्याला अवमान हा गुन्हा म्हणून दिसतो. त्याने खचलेले मन मात्र तो मुख्यतः पैशांत मोजतो. 1989च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील नियम 2016 मध्ये सुधारले, तेव्हा अर्थसाह्य 85 हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत ठरले. ते टप्प्याटप्प्याने मिळते. दरम्यान कुटुंब अनेकदा त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर, आरोपीच्या नातलगांसमोर वावरत असते. ही भीती केवळ आजार मानून गोळी देणे म्हणजे समाजाचा दोष पीडिताच्या माथी मारणे. आणि कारण सामाजिक आहे म्हणून उपचारांकडेच पाठ फिरवणे, ही दुसरी चूक. ती पुरोगाम्यांच्या (आमच्याही) हातून अधिक झाली.

साधने अगदीच नाहीत असे नव्हे. 1980च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात निम्हन्सने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मानसिक उपचार देण्याचा प्रयोग केला. त्याच धर्तीवर 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. 2022 पासून 14416 या क्रमांकावर ‘टेलि-मानस’चे समुपदेशक मराठीतही बोलतात. पण कोणती मराठी? वस्तीतली बाई ‘जीव घाबरतो’ एवढेच म्हणेल. त्यामागचा पाणवठा ऐकणाऱ्याला कळला पाहिजे. वस्त्यांतील शिकलेल्या मुलींना या कामासाठी तयार करता येईल. सर्वच समुपदेशकांच्या प्रशिक्षणात वरील दोन पुस्तके आणि ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (2003) लावावे, अशी आमची सूचना आहे. मंडळाच्या कपाटात तिन्ही आहेत. कोणी मागितली तर देऊ.