पहिली ओळ कोणाची?

सिनेमावर आपण लिहितो, वेबसिरीजवर लिहितो, दोन मिनिटांच्या ट्रेलरवरही तावातावाने बोलतो. पण टीव्ही लावल्यावर सगळ्यात आधी जे दिसतं, त्यावर कोणी लिहीत नाही. स्ट्रीमिंग बॉक्सचा किंवा स्टिकचा तो पहिला पडदा. वर मोठं बॅनर, खाली पोस्टरांच्या ओळी, त्यात कुठेतरी ‘तुमच्यासाठी’ नावाची एक ओळ. घरातले सगळे रोज तो वाचतात, आणि त्याच्याखाली कोणाचंही नाव नसतं.

नाव नसलं तरी संपादक असतोच. कोणतं पोस्टर आधी, कोणतं नंतर आणि कोणतं कधीच नाही, हे कोणीतरी ठरवतं. बॅनरची जागा विकली जाते. रिमोटवर ओटीटी कंपन्यांच्या नावांची जी बटणं असतात, त्यांच्यामागेही व्यवहार असतो. २०२१च्या जूनमध्ये अँड्रॉइड टीव्हीचा होम स्क्रीन बदलला आणि एनव्हिडिया शील्डसारखा महागडा बॉक्स विकत घेतलेल्यांच्या पडद्यावरही वरच्या भागात मोठाली प्रमोशन्स येऊन बसली. लोकांनी त्या होम स्क्रीनच्या अ‍ॅपला प्ले स्टोअरवर एकेक तारा देऊन राग काढला. मला ती त्या पडद्याची रीतसर समीक्षाच वाटते. तिचं म्हणणं एका ओळीत सांगता येतं: बॉक्स माझा, वीज माझी, मग पहिली ओळ तुमची का?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात आणून पाहू. कागदोपत्री अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगर. इथल्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. जिल्ह्यातल्याच भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळ कुटुंबावर ‘ख्वाडा’ केला. दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पण पारनेर किंवा शेवगावातल्या घरी नवीन स्टिक लावली, तर ही नावं पहिल्या पडद्यावर येतील का? करून बघा. २०२३ मध्ये ‘टीडीएम’ला पुरेसे शो मिळत नाहीत, अशी तक्रार कऱ्हाडेंना जाहीरपणे करावी लागली होती. थिएटरात शो मिळत नाही, घरच्या पडद्यावर ओळ मिळत नाही. ज्या भागाची बोली सिनेमात आली, त्याच भागातल्या घरात तो सिनेमा नावानिशी शोधावा लागतो. आणि नाव माहीत नसेल तर शोधणार काय?

म्हणून बॉक्समध्ये फेरफार करणं हा मला निव्वळ तांत्रिक छंद वाटत नाही. गावाकडच्या मोबाइलच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतात, ते वाक्य जरा गंभीरपणे घ्यायला हवं.

या उद्योगाला चांगली वीस-बावीस वर्षांची परंपरा आहे. मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स २००१चा. ६४ एमबी मेमरीचं, गेम खेळण्यासाठी बनवलेलं ते यंत्र. हौशी प्रोग्रामरांनी त्याचं कुलूप उघडून त्यावर व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं. ते एक्सबीएमसी. मायक्रोसॉफ्टची साधनं वापरून तयार झालेलं असल्यामुळे त्याचा चालता प्रोग्राम अधिकृतपणे वाटता येत नव्हता. म्हणून त्यांनी फक्त सोर्स कोड खुला ठेवला. पुढे ते संगणकावर आलं, पहिल्या अ‍ॅपल टीव्हीवर लोकांनी ते घुसवलं आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. आज पेनड्राइव्हवरचे सिनेमे पोस्टरांसकट मांडून दाखवणारे पडदे दिसतात, त्या मांडणीवर या मंडळींचा मोठा हात आहे.

कुलूप लावणाऱ्यांचीही परंपरा तितकीच जुनी. टिव्हो नावाचा रेकॉर्डर १९९९ मध्ये अमेरिकेत आला. आत लिनक्स, म्हणजे कोणीही बदलावं असं सॉफ्टवेअर. पण बदललेलं सॉफ्टवेअर ते यंत्र चालूच देत नसे. वाचायला पुस्तक द्यायचं आणि समासात पेन्सिल लावली की पुस्तक मिटायचं, असा प्रकार. या युक्तीला ‘टिव्होकरण’ असं नावच पडलं आणि ती रोखण्यासाठी २००७ मध्ये जीपीएल परवान्याची तिसरी आवृत्ती निघाली.

आपल्याकडे तर बॉक्स बनवणाऱ्या कंपन्यांचेही हात बांधलेले होते. प्ले स्टोअर हवं असेल तर अँड्रॉइडची बदललेली आवृत्ती काढायची नाही, अशा गूगलच्या करारांची भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने २०.२४ कोटी रुपये भरून प्रकरण मिटवलं आणि स्मार्ट टीव्हीसाठी प्ले स्टोअरचा वेगळा परवाना द्यायचं मान्य केलं. ‘फेरफार’ हा शब्द दुकानाच्या टेबलावरून थेट दिल्लीच्या आदेशात पोचला होता.

मग फेरफार करून नेमकं मिळतं काय? सगळ्यात सोपा बदल म्हणजे लाँचर. मूळ होम स्क्रीनच्या जागी दुसरा साधा होम स्क्रीन बसवायचा, ज्यात आपण ठेवू तेवढंच दिसतं. दुसरी पायरी जेलिफिनसारखा घरगुती सर्व्हर. २०१८च्या डिसेंबरमध्ये एम्बी या सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केला, तेव्हा त्याच्या आधीच्या खुल्या कोडवरून जेलिफिन निघालं. जुना लॅपटॉप आणि एक हार्डडिस्क असली की घरातला बॉक्स त्यावरचं सगळं दाखवतो. प्रत्येक व्हिडिओशेजारी एक छोटी माहितीची फाइल ठेवता येते. तिच्यात नाव, वर्ष, माणसं, चार ओळींचा परिचय, सगळं देवनागरीत लिहिता येतं.

मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. बहुतेक घरांत एका पिशवीत लग्नाच्या डीव्हीडी असतात. गावच्या यात्रेतला छबिना, हगाम्यातल्या कुस्त्या, आजोबांच्या दशक्रियेला झालेलं कीर्तन. डीव्हीडी काही कायम टिकत नाही आणि ती चालवायला घरात प्लेअरही उरलेला नाही. हे सगळं हार्डडिस्कवर उतरवून नावानिशी लावलं, तर पहिल्या ओळीत एकदम आपली माणसं दिसतात. पण त्यासाठी कोणीतरी बसून लिहावं लागतं: ही कोण, हे साल कोणतं, ढोलकीवर कोण आहे. म्हणजे सॉफ्टवेअर मारण्याचं काम तासाभराचं, आणि खरं काम आत्याला फोन करून नावं विचारण्याचं. फेरफाराच्या व्हिडिओंमध्ये हा भाग कोणी दाखवत नाही.

ते व्हिडिओ दाखवतात दुसरंच: ‘हजारो चॅनेल, सगळे सिनेमे, एकदम फुकट.’ ‘भरलेला’ बॉक्स. माझा विरोध आहे तो इथे. भरलेला बॉक्स म्हणजे फेरफार नव्हे. फक्त संपादक बदलला, आणि नवा संपादक जुन्याहून अंधारातला. अशा स्वस्त, प्रमाणपत्र नसलेल्या बॉक्समध्ये आधीच मालवेअर बसवलेलं असल्याचं उघड झालं. जुलै २०२५ मध्ये गूगलने बॅडबॉक्स २.० चालवणाऱ्यांवर खटला भरला तेव्हा एक कोटीहून जास्त उपकरणांचा आकडा समोर आला. चोरीच्या सिनेमांची सोय करून बॉक्स विकणं हे कॉपीराइटचं उल्लंघन आहे, असं युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं. कोडी बनवणारेही अशा विक्रेत्यांवर चिडून आहेत. आणि फुकटात बघितल्याचा फटका सगळ्यात आधी ‘ख्वाडा’सारख्या सिनेमालाच बसतो. मोठ्या बॅनरवाल्याला तो सोसतो.

आपला कायदाही इथे हेतू बघतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं ६५अ कलम हक्क बुडवण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं. लाँचर बदलून स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ लावणारा त्यात येत नाही.

फेरफाराची किंमतही सांगायला हवी. बॉक्सचं बूटलोडर उघडलं की वाइडवाइनची वरची पातळी जाऊ शकते. मग पैसे भरूनही नेटफ्लिक्स जुन्या टीव्हीसारखं पुसट दिसतं. वॉरंटी जाते ती वेगळीच. म्हणून लाँचर बदला, अ‍ॅप टाका, पण उगाच मुळाला हात घालू नका.

आणि एक टीका आपल्यावर, म्हणजे हे उद्योग करणाऱ्या पोरांवर. कंपनीचा संपादक हाकलला की ती खुर्ची रिकामी राहत नाही, आपण तिच्यावर बसतो. मग होम स्क्रीनवर आपल्या अ‍ॅनिमे, आपली क्रिकेट अ‍ॅप्स, काळी थीम आणि बारीक अक्षरं. घरातल्या म्हातारीला कीर्तन लावायला सहा बटणं दाबावी लागत असतील, तर फ्री डिशची छत्री आणि तो साधा रिमोट तिच्यासाठी बरा होता. फीचर किती वाढवले हे मोजणं सोपं आहे. घरात कोणाला न विचारता काय लावता येतं, हे मोजायला हवं.

वेळ फार नाही. २०२५च्या शेवटी आलेल्या अ‍ॅमेझॉनच्या नव्या फायर टीव्ही स्टिकमध्ये अँड्रॉइड नाही, वेगा आहे, आणि बाहेरून अ‍ॅप टाकायची वाट तिथे बंद आहे. इतरही त्याच रस्त्याने गेले, तर समासात लिहायची जागाच उरणार नाही. सध्या घरात असलेला जुना बॉक्स भंगारात देऊ नका. त्यावर काय येऊ शकतं ते बघा, आणि बदलण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा: तुझी पहिली ओळ कोणती?