संकेतभंग आणि प्रीती : दोन इंग्रजी कवितांचा तौलनिक विचार

प्रेमकवितेतील संकेत जितके जुने, तितकाच त्यांचा धिक्कारही जुना आहे. पेट्रार्कने (१३०४–१३७४) लॉराविषयी लिहिलेल्या कवितांनी यूरोपात प्रेयसीच्या वर्णनाचा एक साचा रूढ केला. सोळाव्या शतकातील इंग्रजी सुनीतकारांनी तो इतका गिरवला की, सूर्यासारखे नेत्र आणि पोवळ्यासारखे ओठ हे शब्द कोणत्याही स्त्रीला लावता येऊ लागले. जे वर्णन सर्वांना लागू पडते, ते एकीचेही वर्णन नसते. संकेत नाकारण्याची निकड येथूनच उत्पन्न होते. तथापि केवळ नकार म्हणजे प्रीती नव्हे. तो नकार कोणासमोर उच्चारला जातो आणि त्याची किंमत कोण देते, हे पाहिल्यावाचून त्याचे मोल ठरत नाही. या दृष्टीने शेक्सपिअरचे १६०९ साली प्रसिद्ध झालेले १३०वे सुनीत आणि कॅरल ॲन डफी यांची ‘मीन टाइम’ (१९९३) या संग्रहातील ‘व्हॅलेंटाइन’ ही कविता एकत्र वाचण्याजोग्या आहेत.

शेक्सपिअरचे सुनीत हे उलट्या दिशेने लिहिलेले नखशिखान्त वर्णन होय. नेत्र, ओठ, वक्ष, केश, गाल, श्वास, स्वर आणि चाल असा क्रम त्यात येतो, आणि प्रत्येक ठिकाणी उपमानाची सरशी होते. आपल्याकडील अलंकारशास्त्राच्या परिभाषेत हा व्यतिरेक म्हणावा, तर मम्मटाच्या मते त्यात उपमेयाचे आधिक्य हवे; येथे तर ते पदोपदी उणे ठरते. उपमेयाच्या न्यूनत्वातही व्यतिरेक मानणाऱ्या रुय्यकाची व्याख्या येथे अधिक जवळची वाटते. परंतु तीही पुरी पडत नाही. कारण अखेरच्या दोन ओळींत कवी तुलनेचा व्यापारच खोटा ठरवतो आणि ही स्त्री कोणत्याही मिथ्यास्तुत स्त्रीइतकीच दुर्मीळ असल्याची ग्वाही देतो. ती भूमीवर पाय टेकून चालते, हेच तिचे वैभव होय.

डफींच्या कवितेत नकाराचा विषय बदलतो. तेथे कवींच्या उपमा नाकारल्या जात नाहीत; बाजारातील भेटवस्तू नाकारल्या जातात. लाल गुलाब, रेशमी हृदय, गोंडस शुभेच्छापत्र हे सारे बाजूला सारून प्रिय व्यक्तीच्या हाती कांदा दिला जातो. येथे एक विसंगती ध्यानात येते. नाकारलेल्या सूर्याची वाट शेक्सपिअर पुन्हा धरत नाही. डफींचा कांदा मात्र प्रथम चंद्रच होतो. पुढे तो डोळ्यांत पाणी आणतो, ओठांवर रेंगाळतो आणि त्याच्या चकत्या आक्रसत विवाहाच्या अंगठीपर्यंत येतात. म्हणजे संकेत सर्वस्वी टाकून दिलेले नाहीत. जुन्या उपमानांना उग्र वास मात्र आला आहे. शेवटी तो वास सुरीलाही चिकटतो, आणि निष्ठेच्या आड लपलेली मालकीची हिंस्र भावना उघडी पडते.

केवळ उपमांचा हिशेब केला, तर शेक्सपिअरचा नकार अधिक कठोर ठरेल. परंतु दोहोंतील खरा भेद पुरुषवाचक सर्वनामांत आहे. १३०व्या सुनीतातील स्त्री आरंभापासून अंतापर्यंत तृतीय पुरुषी राहते. लगेच पुढच्या सुनीतात कवी तिला संबोधितो, हे पाहता येथील तिचे दूरत्व विशेष जाणवते. तिच्या श्वासाविषयीचे सत्य तिला सांगितलेले नसून वाचकाला सांगितलेले आहे. त्यामुळे ते सत्य सांगणाऱ्याला काहीच गमवावे लागत नाही. प्रामाणिकपणाचे श्रेय त्याला, आणि हसू मात्र तिच्या वाट्याला. डफींची कविता याउलट समोरच्या व्यक्तीशी बोलते. तिच्यातील तुटक, आज्ञार्थी वाक्यांवरून घेणाऱ्याचा हात मागे सरत असावा, असे वाटते. येथे सत्य नाकारले जाण्याची शक्यता आहे, आणि ती शक्यता कवितेने पत्करली आहे. मात्र जो आग्रह ती धरते, तोही एक प्रकारची सक्तीच आहे. देणारी व्यक्ती आणि घेणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, हे इंग्रजी क्रियापदे सांगत नाहीत. मराठीत ‘देते’ की ‘देतो’ हे ठरवावेच लागेल, आणि ते ठरताच सुरीचा अर्थही बदलेल.

तात्पर्य, शेक्सपिअर प्रीतीला खोट्या स्तुतीपासून सोडवतो, परंतु त्याचे सत्य सुरक्षित अंतरावरून बोललेले आहे. डफी ते अंतर मिटवतात आणि खरेपणाही दुखवू शकतो, हे दाखवतात. दोन्ही कवितांत प्रिय व्यक्तीचा स्वतःचा शब्द ऐकू येत नाही. संकेतभंगाची परंपरा या एका संकेतापाशी येऊन थांबते.