वरचे दूध आणि पडद्यावरची आई : 'टायगर्स' व 'हिरकणी' या चित्रपटांची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीत स्तन्याला 'अंगावरचे दूध' म्हणतात आणि गाईम्हशीच्या किंवा डब्यातील पावडरीच्या दुधाला 'वरचे दूध'. 'वरचे' या शब्दात पर्यायापेक्षा पूरकतेची छटा अधिक आहे. मूळचे काही आहे आणि त्यावर हे आणखी, असा त्याचा भाव. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालकांना निव्वळ स्तनपान मिळत होते. उर्वरित बालकांपैकी अनेकांच्या माता अंगावर पाजत होत्याच, पण जोडीला पाणी किंवा वरचे दूधही देत होत्या. दोन्ही देणारी ही आई आपल्या चित्रपटांत कशी दिसते, याचा शोध दोन चित्रपटांच्या आधारे घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

'टायगर्स' : बळी ठरलेली आई

बोस्नियन दिग्दर्शक डॅनिस तानोविच यांचा 'टायगर्स' २०१४ मध्ये टोरोंटो महोत्सवात दाखवला गेला आणि भारतात २०१८ मध्ये झी-५ वर आला. पाकिस्तानात नेस्ले कंपनीचे विक्री प्रतिनिधी असलेल्या सय्यद आमिर रझा यांच्या अनुभवावर तो बेतलेला आहे. चित्रपटात कंपनीला 'लास्टा' हे कल्पित नाव दिले आहे. इम्रान हाश्मीने साकारलेला अयान डॉक्टरांना भेटवस्तू देऊन डब्याच्या दुधाची शिफारस मिळवतो. अशुद्ध पाण्यात कालवलेल्या त्या दुधाने बालके दगावत असल्याचे एक डॉक्टर त्याला दाखवतो, तेव्हा तो नोकरी सोडून कंपनीविरुद्ध उभा राहतो.

डॉक्टरांची शिफारस कशी विकत घेतली जाते, हे या चित्रपटाने नेमकेपणाने दाखवले आहे. तथापि त्याची कथा विक्रेता, डॉक्टर आणि वकील यांच्यातच फिरते. माता पार्श्वभूमीला राहतात. त्यामुळे दूषित पाणी हेच मृत्यूचे एकमेव कारण असल्याचा प्रेक्षकाचा समज होतो आणि स्वच्छ पाणी असलेल्या घरात प्रश्नच नाही, असा निष्कर्ष तो सहज काढू शकतो. वस्तुतः प्रक्रिया त्याआधीच सुरू झालेली असते. बाळ जितके ओढते त्या प्रमाणात दूध तयार होते. बाटलीने पोट भरले की बाळ कमी ओढते, दूध कमी होते आणि डब्याची गरज वाढते. पूरक म्हणून आलेले दूध अशा रीतीने पर्याय बनते. विक्रीचे हे खरे मर्म चित्रपटाच्या हातून निसटले आहे.

'हिरकणी' : वीरांगना आई

प्रसाद ओक दिग्दर्शित 'हिरकणी' (२०१९) याच्या उलट टोकावर उभा आहे. कोजागिरीच्या दिवशी रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण दरवाजे बंद झाल्याने अडकते आणि तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरते. या दंतकथेचे सामर्थ्य निर्विवाद आहे. एस. टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांना 'हिरकणी कक्ष' हे नाव मिळाले, यातच तिचा लोकमानसावरील ठसा दिसतो. मात्र कथेतील एक विसंगती सहसा लक्षात घेतली जात नाही. दूध विकणाऱ्या घरात वरच्या दुधाला तोटा नसणार. तरीही बोंडल्याने एक वेळ भागवण्याची शक्यता कथा उच्चारत नाही. ती उच्चारली तर कडा उतरण्याचे कारणच उरत नाही. थोडक्यात, वरच्या दुधाची अनुपस्थिती ही या वीरकथेची पूर्वअट आहे.

मधली आई

एका चित्रपटात वरचे दूध विष आहे, दुसऱ्यात ते नाहीच. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ रडते आहे, पान्हा अजून पुरता फुटलेला नाही आणि भोवतालचे सगळे 'दूध पुरत नाही' म्हणत आहेत, अशा आईला या दोन्ही प्रतिमा काय देतात? पहिली भीती देते, दुसरी लाज. बहुतेक वेळा हे दिवस स्वाभाविक असतात. पहिला चीक थोडा असला तरी निरोगी, दिवस भरलेल्या बाळाला पुरतो. काही वेळा मात्र पूरक दूध खरोखरच लागते. दीड किलोपेक्षा कमी वजनाचे, बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेले किंवा रक्तातील साखर उतरण्याचा धोका असलेले नवजात बालक यांच्यासाठी काही काळ अशी गरज पडू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले आहे. तेव्हाही डबा हा पहिला उपाय नसतो. आधी आईचे काढलेले दूध, मग दुग्धपेढीतील अन्य मातांचे दूध, असा क्रम असतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली, ती याच गरजेतून. पान्हा न फुटल्याची भीती आणि दुग्धपेढीचा दिलासा यांच्यामधल्या या जागेतही नाट्य आहे, परंतु ते अद्याप पटकथाकारांच्या दृष्टीस पडलेले नाही.

समारोप

१९८१ ची आंतरराष्ट्रीय विपणन संहिता आणि भारताचा १९९२ चा कायदा (सुधारणा २००३) यांनी जाहिरात व प्रलोभन यांवर बंधने घातली. परंतु विक्रेत्याचे सर्वांत मोठे भांडवल आईच्या मनातील शंका हे असते आणि त्या शंकेला कायदा पुरा पडत नाही. आदर्शाने निर्माण केलेली लाज आईला प्रश्न विचारू देत नाही. तिच्या या मौनात डबा विनासायास घरात येतो. या अर्थाने हिरकणीचे उदात्तीकरण आणि 'टायगर्स'मधील विक्रेता नकळत एकाच दिशेने काम करतात. वरचे दूध केव्हा, किती आणि किती दिवस, हे आईने निःसंकोच विचारावे आणि तिला त्याचे प्रामाणिक उत्तर मिळावे, अशी वास्तव प्रतिमा घडवणे हे आपल्या कलाकृतींपुढील आव्हान आहे.