साठ दिवसांचा बाप

‘उरी’ (२०१९) पाहिलेल्या बहुतेकांना एक प्रसंग हमखास आठवतो. मेजर करण कश्यपचं पार्थिव तिरंग्यात लपेटलेलं आहे आणि समोर त्याची लहान मुलगी उभी आहे. ती रडते आणि रडता रडताच बापाच्या पलटणीची युद्धघोषणा देते. भोवतालचे गणवेशातले सगळे तिला त्याच घोषणेने उत्तर देतात. हा प्रसंग हवेतून आलेला नाही. जानेवारी २०१५ मध्ये काश्मीरमध्ये लढताना गेलेले कर्नल एम. एन. राय यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांच्या मुलीने अशीच गोरखा पलटणीची घोषणा दिली होती, आणि ते दृश्य देशभर टीव्हीवर दिसलं होतं.

त्या खऱ्या मुलीच्या दुःखाबद्दल बाहेरच्या कुणी काही बोलू नये. सिनेमाबद्दल मात्र बोलता येतं. सिनेमातली मुलगी त्या घोषणेआधी थोडा वेळ दिसते, आणि घोषणेनंतर गोष्ट तिच्या मामाच्या मोहिमेबरोबर निघून जाते. बाप नसताना तिची शाळा कशी चालायची? तो घरी आला की ती धावत जायची की आईच्या मागे लपायची? हे सिनेमाला नको असतं. त्याला तिच्याकडून एकच गोष्ट हवी असते, ती मिळाली की तिचं काम संपतं.

आपल्या पडद्यावर हुतात्म्याच्या मुलाला जागा आहे. जिवंत फौजीच्या मुलाला जवळजवळ नाही. ‘बॉर्डर’मध्ये (१९९७) घर येतं ते पत्रांतून, छावणीतल्या जवानांची आठवण म्हणून. ‘अमरन’ (२०२४) पत्नीच्या नजरेतून सांगितलेला आहे, तरी तो ज्या वाटेने जातो तिचा शेवट आपल्याला तिकीट काढतानाच ठाऊक असतो. मराठीत ‘लागिरं झालं जी’ (२०१७ ते २०१९) या मालिकेने सातारी बोली आणि भरतीचं वेड रोज रात्री घराघरांत आणलं, आणि त्याबद्दल तिचं कौतुक करायला हवं. पण ती रमली अज्याच्या भरतीत आणि अज्या-शितलीच्या प्रेमात. फौजी नवरा दूर असताना घरात वाढणारं मूल हा तिचा विषय नव्हता. ज्या जिल्ह्यात अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं, जिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात जीव गमावला, तिथे पिढ्यान् पिढ्या मुलं बापाविना मोठी होत आली आहेत. त्यांची गोष्ट आपल्याकडे कितीशी लिहिली गेली?

अमेरिकेत ती लिहिली गेली. पॅट कॉनरॉय या लेखकाची ‘द ग्रेट सँटिनी’ ही कादंबरी १९७६ मध्ये आली. तिच्यावरचा सिनेमा १९७९ चा, रॉबर्ट डुव्हॉलने बापाचं काम केलेला. बुल मीचम हा मरीन कोअरचा लढाऊ वैमानिक. काळ १९६२ चा, म्हणजे युद्ध चालू नाही. लढायला शत्रू नाही, म्हणून तो घरातल्यांना पलटणीसारखं वागवतो. थोरला मुलगा बेन अठरा वर्षांचा व्हायच्या बेतात आहे.

या गोष्टीतला बास्केटबॉलचा प्रसंग प्रसिद्ध आहे. अंगणात बाप-लेक खेळतात आणि बेन जिंकतो. या घरात बापाला कुणी कधी हरवलेलं नसतं. हरलेला बुल जिन्यावरून वर जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा चेंडू आपटत राहतो, तो रडावा म्हणून. बेन रडत नाही. मग रात्री तो पाहतो, तर बाप अंधारात एकटाच अंगणात चेंडू टाकण्याचा सराव करतोय. माफी मागायची याची हीच पद्धत आहे, असं आई मुलाला समजावते.

या प्रसंगाची ताकद कशात आहे? कॉनरॉय मुलाला बापाचा न्याय करू देतो. बुल शूर आहे, देशासाठी जीव धोक्यात घालतो आणि घरात क्रूर आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मुलाला त्या तिन्ही दिसतात. आपल्या सिनेमातल्या फौजीच्या मुलाला पहिल्या दोनच पाहायची परवानगी असते.

पण शेवटाकडे कॉनरॉयही डगमगतो. बुल विमान अपघातात मरतो. जाता जाता वस्तीवर विमान कोसळू नये म्हणून ते वळवतो, म्हणजे हुतात्मा होऊनच जातो. मग बापानेच दिलेलं वैमानिकाचं जाकीट घातलेला बेन कुटुंबाची गाडी चालवत निघतो. हा शेवट परिणामकारक आहे आणि सोयीचाही. मेलेल्या बापाला माफ करणं सोपं असतं. कॉनरॉयचा खरा बाप, कर्नल डोनाल्ड कॉनरॉय, १९९८ पर्यंत जगला. कादंबरी आल्यावर घरात वादळ झालं. तरीही पुढे हा बाप मुलाच्या शेजारी बसून वाचकांच्या प्रतींवर ‘सँटिनी’ म्हणून सह्या करू लागला. ती हळूहळू झालेली, अर्धीमुर्धी दिलजमाई कॉनरॉयने ‘द डेथ ऑफ सँटिनी’ या आठवणींच्या पुस्तकात लिहिली, २०१३ मध्ये. जिवंत फौजी बापाबद्दल लिहायला त्याच्यासारख्या धीट लेखकालाही एवढा वेळ लागला.

कॉनरॉयच्या गोष्टीतून आणखी एक पुस्तक निघालं. मेरी एडवर्ड्स वर्ट्श ही पत्रकार स्वतः लष्करी घरातली. ‘सँटिनी’ सिनेमा पाहिला आणि आपलं बालपण फक्त आपलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. तिने अशाच घरांत वाढलेल्या ८० जणांशी बोलून १९९१ मध्ये ‘मिलिटरी ब्रॅट्स’ हे पुस्तक लिहिलं. ब्रॅट म्हणजे खरं तर हट्टी कार्टं, पण अमेरिकेत फौजींची मुलं हा शब्द अभिमानाने मिरवतात. वर्ट्शच्या पुस्तकाची मुख्य प्रतिमा किल्ल्याची आहे. किल्ल्यात राहणारी मुलं दर दोन-तीन वर्षांनी एका किल्ल्यातून दुसऱ्यात जातात. गप्प राहायला शिकतात, घरातलं घरात ठेवायला शिकतात, दुखतंय हे नाकारायला शिकतात. ‘तुम्ही कुठले’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं.

हे पुस्तक वाचताना आपल्याकडची कॅन्टोन्मेंटमधली मुलं लगेच डोळ्यांसमोर येतात. पठाणकोट, देवळाली, तेजपूर अशा बदल्या, दर वेळी नवी शाळा, नवे मित्र. केंद्रीय विद्यालयांची सुरुवातच १९६३ मध्ये लष्करी ठाण्यांमधल्या २० रेजिमेंटल शाळांपासून झाली. सतत बदली होणाऱ्यांच्या मुलांना निदान पुस्तकं तरी तीच मिळावीत, हा हेतू. या मुलांना वर्ट्शचं वर्णन बरंचसं लागू पडतं.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या जवानाच्या मुलाला मात्र ते पडत नाही. वर्ट्शने अधिकारी आणि साधे सैनिक यांच्या घरांतला फरक स्वतंत्र प्रकरण देऊन मांडला आहे, तेव्हा तिला वर्गभेद दिसला नाही असं कुणी म्हणू नये. पण तिची दोन्हीकडची मुलं बहुतेक किल्ल्याच्या आतच आहेत. आमची किल्ल्याबाहेर असतात. बाप फील्डवर असला की कुटुंब सोबत नेता येत नाही. पीस स्टेशनला आला तरी फॅमिली क्वार्टर मिळायला रांग असते. मग बायको-मुलं गावी, आजी-आजोबांजवळ. मुलाची शाळा एकच, मित्र तेच, घर तेच. बदली फक्त बापाची होते. ‘तुम्ही कुठले’ याचं उत्तर या मुलाला पक्कं ठाऊक असतं. त्याचा अडलेला प्रश्न वेगळा असतो: हा माणूस आपला कोण?

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा असते. सगळी मिळाली तरी वर्षाचे नऊ महिने बाप नाही. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हे गणित मी बोटांवर करत मोठा झालो. एरवी आमच्या घरात विहिरीच्या मोटरीपासून बँकेच्या कर्जापर्यंत सगळं आई बघायची. प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही तिची. वडील आले की ती दोन महिने प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून करायची आणि ते गेले की दुसऱ्या दिवशी पुन्हा कारभार हातात घ्यायची. तिला यात काय वाटत असेल, हे आम्ही कधी विचारलं नाही. वडील पहाटे पाचला उठून, दाढी करून, घोंगड्या चौकोनी घडी घालून ठेवायचे. दर रजेत मला विचारायचे, ‘कितवीला आहेस?’ त्यात ना माया कमी होती ना लक्ष. त्यांच्या मनात मी मागच्या रजेत होतो तेवढाच राहिलेला असायचो.

या बापाला बुल मीचम म्हणता येत नाही. तो जुलूम करायला घरात नसतोच. तो पाहुणा असतो, आणि घर त्याच्यासाठी आवरून ठेवलेलं असतं. त्याच्यावर रागवायची संधी मिळत नाही, कारण साठ दिवसांत भांडण कोण काढणार? मग ते पुढच्या रजेवर ढकललं जातं. खरी गाठ पडते निवृत्तीनंतर. १५ वर्षं सेवा झाली की पेन्शन मिळते, त्यामुळे बरेच जण चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे परत येतात. तोपर्यंत मुलगा दहावीत गेलेला असतो. गाव त्यांना हुद्दा न बघता ‘मेजर’ म्हणतं, ते कुठे तरी सिक्युरिटीची नोकरी धरतात, आणि घरात दोन अनोळखी पुरुष एका ताटलीतली भाकरी वाटून घेतात. कॉनरॉयचं अंगण आमच्याकडे इथे सुरू होतं.

हे लिहिलं का जात नाही? मला वाटतं, तक्रारीला तोंडच नसतं. दारू पिणाऱ्या बापाविरुद्ध लिहिता येतं, शेतात राबून थकलेल्या बापावर लिहिता येतं. इथे बाप आणि मूल यांच्या मध्ये देश उभा असतो. ज्याचा बाप गेला त्याच्यासमोर ‘माझा बाप घरी नव्हता’ हे म्हणणं कृतघ्नपणाचं वाटतं. शिवाय त्याच पगारावर घराचा स्लॅब पडलेला असतो. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच पगारातून गेली. हे सगळं मान्य करूनही बालपण सांगता यायला हवं. वर्ट्शच्या पुस्तकातले लोक बापाचा अभिमान बाळगूनच बोलतात, आणि तरी बोलतात.

घाई करायचं एक कारण आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आता जवान चार वर्षांसाठी घेतला जातो, त्या काळात त्याला लग्न करता येत नाही आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम केलं जातं. योजना चांगली की वाईट, हा वाद इथला नाही. पण ती अशीच चालली तर रजेच्या वाटेकडे डोळे लावून वाढणारी मुलं गावोगावी कमी होत जातील. हे बालपण जगलेली पिढी आज विशी-तिशी-चाळिशीत आहे. ती मोबाइलवर वाचते, तिला लिहिता येतं, आणि तिच्या आया अजून सांगायला आहेत.

त्या पुस्तकात तिरंग्यातली शवपेटी नसली तरी चालेल. बाप जिवंत आहे, रजेचा बारावा दिवस आहे, दुपारी जेवून तो सोप्यात आडवा झालाय. मुलगा शाळेतून आलाय आणि दप्तर काढता काढता त्याच्याशी काय बोलावं याचा विचार करतोय. गोष्ट इथून सुरू होऊ शकते.